आजोबांना सोबत

प्रिय लेकी,

ठकू शाळेत गेली आहे, म्हणून आता लिहायला बसलो. ती घरात असली की मी काय लिहितो ते खांद्यावरून वाचते. तुला उपचारांसाठी जाऊन सोमवारी तीन महिने होतील. सहा महिने तिकडे राहावं लागेल, असं तू सांगितलंस आणि मी बरं म्हणालो. ठरल्याप्रमाणे पोरीला काही कळू दिलेलं नाही. आईबाबांना परगावी काम आहे आणि आजोबांना आता सोबत हवी, ही तू रचलेली गोष्ट मीही तोंडपाठ केली आहे. जावई तुझ्याजवळ आहे, त्यामुळे मला इथे घोर नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

माझ्या वर्गाचं तू दर फोनवर विचारतेस. परक्यांना इंग्रजी कसं शिकवायचं ते शिकण्याचा हा वर्ग तूच माझ्या गळ्यात मारलास, तेव्हा ऐकून घे. चौतीस वर्षं एक्स-रे काढण्यात गेली. त्या कामात बोलायची वाक्यं तीन: श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. त्यामुळे सूचना द्याव्यात तर यांनीच, असा शेरा मला मिळाला. बाकी सगळीकडे दांडी गुल. आम्हा शिकाऊ लोकांना सराव म्हणून खरे विद्यार्थी दिले आहेत, नुकतेच या देशात आलेले: एक बेकरीवाला, एक शिवणकाम करणाऱ्या बाई आणि मालट्रक चालवणारे दोघे भाऊ. आमची शिक्षिका मागच्या बाकावर घड्याळ हातात धरून बसते, म्हणून तिला आम्ही घड्याळबाई म्हणतो. माझ्या पहिल्या धड्याच्या पंचेचाळीस मिनिटांपैकी अडतीस मिनिटं मीच बोललो. तिने तो आकडा कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवला. तुझी आई असती तर म्हणाली असती, अडतीसच कशी?

दुसऱ्या धड्याला औषधाच्या पाकिटावरच्या सूचना शिकवायच्या होत्या. एक गोळी, दिवसातून दोनदा, सात दिवस. मी फळ्यावर गोळी काढली, सूर्य काढला, चंद्र काढला आणि विचारलं, कळलं का? सगळ्यांनी आनंदाने माना डोलावल्या. मागून घड्याळबाई उठली आणि तिने शिवणकामवाल्या बाईंना एवढंच विचारलं, की तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तर चौथ्या दिवशी काय करणार. त्या म्हणाल्या, उरलेल्या गोळ्या नवऱ्यासाठी ठेवून देणार. बेकरीवाला म्हणाला, तो कामाच्या गडबडीत विसरतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी सगळ्या एकदम घेईल. मी खडू ठेवून दिला.

नंतर घड्याळबाईने समजावलं. कळलं का, असं विचारलं की माणूस हो म्हणतो. कुणी भिडेखातर, कुणी सुटका करून घ्यायला, आणि बरेचजण आपल्याला खरंच कळलंय असं वाटतं म्हणून. तेव्हा मान हलवून उत्तर देता येणार नाही असा प्रश्न विचारायचा. विचारून झालं की मनात दहापर्यंत मोजायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. ऐकताना मला लाज वाटली. एक्स-रेच्या टेबलावरही सगळे हो म्हणायचे आणि ऐनवेळी हलायचे, आणि मी त्यांच्यावर खेकसायचो.

ठकूचं म्हणशील तर पोर फार गुणी झाली आहे. उलट उत्तर नाही, हट्ट नाही. पत्त्यांत मला जिंकू देते. बाजारातून येताना पिशवी माझ्या हातातून ओढून घेते. जिना उतरताना माझ्या पुढे चालते, एक हात कठड्याला धरून, दुसरा माझ्याकडे. सकाळी डोळे उघडावेत तर ही दारात उभी, मी कूस बदलली की निघून जाते. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलो होतो की पोरांना वळण लावायचं तर ते असं. शिकवणं आपल्या रक्तातच असावं, असंही एकदा वर्गात बोलून गेलो.

परवा आम्हाला घरचा अभ्यास होता. घरातल्या कुणाला आधी सांगून झालेली एखादी गोष्ट घ्यायची आणि ती त्याला किती समजली आहे ते तपासायचं. मी ठकूला धरलं आणि सोपी गोष्ट निवडली, जिचं उत्तर मला माहीत होतं. मी नवा शेजारी झालो, आणि ती इथे का राहते ते तिने मला सांगायचं. तिने झकास सांगितलं, आजोबांना सोबत म्हणून. वहीत बरोबरची खूण करून मी विचारलं, मग तू घरी परत कधी जाणार? मी मोजायला लागलो. नऊला मला राहवेना, पण ओठ घट्ट मिटून बसलो. दहा झाले आणि ती शेजाऱ्याला म्हणाली, आजोबा वारले की.

पुढचं तिने अगदी हळू आवाजात सांगितलं. आजोबांना मोठा आजार आहे, त्यांचे सहा महिने उरलेत, हे त्यांना माहीत नाही आणि त्यांना कुणी सांगायचं नाही. फडताळावरची हॉस्पिटलची फाइल तिने पाहिली होती. तुला ओट्याशी रडताना पाहिलं होतं. सहा महिने हे शब्द दाराआडून ऐकले होते. आपण सांगितलेल्या गोष्टीत हे सगळं बसवून तिने आपली गोष्ट पुरी केली आणि तीन महिने एकटीने सांभाळली. आठ वर्षांची पोर, लेकी.

मी उठलो. कपाटातून माझ्या छातीची गेल्या वर्षीची फिल्म काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि तिला एकेक दाखवत गेलो. ही फुप्फुसं, हे हृदय, सगळं जागच्या जागी, आजोबा धडधाकट. ती बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, आता उड्या मारेल. तिने विचारलं, मग ती फाइल कुणाची? मी खोटं बोललो नाही आणि खरंही सांगितलं नाही. ते आई सांगेल, एवढंच म्हणालो. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही, आणि काल पत्त्यांत मला सलग चार डाव हरवलं.

तर पत्राचं कारण हे. शनिवारी साडेनवाच्या बसने आम्ही दोघं येतो आहोत. फोनवर तू नको म्हणाली असतीस, म्हणून लिहितो आहे. तिला तू सांग, तुझ्या शब्दांत, मी जवळ बसेन. डोक्यावरचा रुमाल काढायचा की ठेवायचा तेही तूच ठरव. तीन महिन्यांत मी एकदाही तिकडे आलो नाही. ठकूला सांभाळायचं होतं हे निमित्त, खरं म्हणजे तुला तशी पाहायची मला भीती वाटत होती, अजून वाटते. रोज फोनवर बरी आहेस ना विचारतो, तू हो म्हणतेस आणि मी घाईघाईने फोन ठेवतो, कारण मला तेवढंच ऐकायचं असतं. या वेळी नीट विचारणार आहे. जेवण किती जातं, किती पायऱ्या चढल्यावर थांबावं लागतं, डॉक्टर काय म्हणाले. ते सहा महिने कशाचे, हे मीही तुला अजून विचारलेलं नाही.

तुझाच, शनिवारी पोचणारा,
बाबा