साडेपाचची सभा

बाबा, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. माणसं सभेला येत नाहीत. तुम्ही ती तक्रार मराठी मंडळाचे चिटणीस म्हणून सव्वीस वर्षं केलीत, फॅक्टरीतून सुटल्यावर सायकलवरून घरोघर नोटिसा वाटत केलीत. मी ती व्यासपीठावरून करते, आवाज चढवून, टेबलावर हात आपटून. तुमच्या सायकलची घंटी ऐकून लोक शरमेनं का होईना, यायचे. माझं भाषण ऐकून टाळ्या वाजवतात आणि पुढच्या खेपेला घरी बसतात.

गेल्या रविवारी या हिंदी मुलखातल्या शहरात, राइट टाउनमधल्या आपल्या मंडळात एक ठराव झाला. यापुढे निवडणूक नाही. जुनं कार्यकारी मंडळच नवं नेमेल. तुम्ही लिहिलेल्या घटनेचा कणाच त्यांनी काढून घेतला, आणि तो काढताना खोलीत नऊ माणसं होती, मला धरून.

ती घटना तुम्ही स्वयंपाकघरात लिहिलीत, हे आता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मी दहावीत आहे. तुम्ही जमिनीवर बसला आहात, मांडीवर पाट, पाटावर दोन कागद आणि मधे कार्बन. आई पोळ्या लाटते आहे. ती विचारते, "वाचा न जरा, काय लिहून राहिले?" तुम्ही वाचता, "कुटुंबामागे एक मत." "कोणाचं?" "कुटुंबप्रमुखाचं." "म्हणजे तुमचं. मग मंडळाच्या जेवणाला शंभर पोळ्या लाटते, ते कोणतं कुटुंब?" तुम्ही समजावता, "अगं, भांडणं होतील. नवरा एकीकडे, बायको एकीकडे." आई लाटणं थांबवत नाही. "त्याला मत कशाला लागते? आत्ताच होऊन राहिलं न!" तुम्ही मोठ्यानं हसता, ओळ खोडता आणि लिहिता, प्रत्येक सज्ञान सभासदास एक मत. कार्बनखालच्या कागदावर ती खोडलेली ओळही उमटली आहे. मला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा तुम्ही पेढे आणले नाहीत, तीच प्रत हातात दिलीत.

पुढे तीस वर्षं मी राज्यशास्त्र शिकवलं. घटना क्रांतीतून येतात, तहांतून येतात, मोठ्या सभागृहांतल्या वादांतून येतात, असं फळ्यावर लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण प्रातिनिधिक सत्ता म्हणजे काय, हे मला कळलं ते त्या खोडलेल्या ओळीतून. ज्याच्या वतीनं कुणीतरी बोलून टाकलं आहे, तो माणूस उठून विचारतो, मला विचारलं होतं का? तिथून सगळं सुरू होतं. बरगी धरणाकाठच्या एका गावात मी भाषण करून खाली उतरले, तेव्हा शेत पाण्याखाली गेलेला एक म्हातारा कोळी जवळ आला. "दीदी, हमारी तरफ से हाँ किसने कहा था?" त्या दिवशी माझ्याजवळ जळजळीत उत्तर होतं. आज नाही. आज वाटतं, असंच कुणीतरी हो म्हटलं असेल, चहा पिता पिता.

कारण आपल्या सभेत तो चहाचा अर्धा तास मीच आणला, बाबा. तुमच्या घटनेत एक-तृतीयांश सभासद हजर नसतील तर सभाच नव्हती. फॅक्टरीत तुम्ही तपासनीस. तयार झालेला भाग मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर बाद. "गेजला हात जोडून चालत नाही," म्हणायचात. पण ओळीनं तीन सभा माणसांअभावी उठल्या आणि मुलींच्या वाचनालयाचा ठराव लटकून राहिला. मी पंचविशीची, अंगात आग. चौथ्या सभेला माणसं जमली तेव्हा मी उभी राहिले आणि दुरुस्ती मांडली. सभा पाचला, संख्या भरली नाही तर अर्धा तास तहकूब, साडेपाचला जितके असतील तितक्यांत कामकाज. "गैरहजर माणसानं हजर माणसाला ओलीस धरू नये!" माझं ते पहिलं गाजलेलं वाक्य. सगळे हात वर गेले. विरोधात एकच हात होता, तुमचा.

परतताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. "बोलली छान तू," म्हणालात. "आता सांग, कोणाला यायची गरज काहून राहील?" मी म्हटलं, "बाबा, काम तर होईल न!" "काम होईल. सभा नाही होणार." एवढंच बोललात. पुढच्या सभेत दुसऱ्यांदा मंजूर झाल्यावर ते कलम तुमच्याच अक्षरात घटनेत चढलं, आणि खाली तुम्ही त्याच सभेत मंजूर करून घेतलेली एक ओळ आली: पुरी संख्या असलेल्या सभेत हे कलम केव्हाही रद्द करता येईल. परत फिरायची वाट तुम्ही ठेवली होती.

आता नोटिशीवर दोन्ही वेळा आधीच छापलेल्या असतात. पाचला कुणी येतच नाही. रविवारी मी पाचला गेले तर चिटणीस, बँकेतला चाळिशीचा गृहस्थ, खुर्च्या पुसत होता. "दीदी, चाय लीजिए, आधा घंटा है अभी." साडेपाचला त्यानं ठराव वाचला. "निवडणूक म्हणजे मनभेद. जो काम करते, तो आपला माणूस नेमेल. सब अपने ही लोग हैं." मी वीस मिनिटं बोलले. घसा फाटेस्तोवर बोलले. मग मागून तुमचे फॅक्टरीतले जुने सोबती काठीवर रेलून म्हणाले, "बाई, गैरहजरानं हजराला ओलीस धरू नये, हे कोण म्हणालं होतं? मी टाळ्या वाजवल्या होत्या न तेव्हा!" सगळे हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, तेच जास्त लागलं. आठ हात वर गेले. विरोधात एकच, माझा. लोकशाही संपवायला रणगाडे लागतात असं मी वर्गात शिकवत आले. अर्धा तास पुरतो.

तुमच्याच नियमानं घटनादुरुस्ती दोन सभांत मंजूर व्हावी लागते. दुसरी येत्या रविवारी. आठवडाभर मी स्कूटरवर राइट टाउन, सिविल लाइंस, फॅक्टरीच्या क्वार्टरांत फिरले. "तुम्ही आहात न, मग आम्ही कशाला?" असं तिघांनी म्हटलं. एका घरची सून म्हणाली, "आंटी, मराठी समझ में आती है, बोलता नाही येत. मीटिंगमध्ये मी काय करू?" येतो म्हणणारे चार निघाले. चार आणि मी. त्यांचे आठ. रविवारी काय होणार, हे मला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र मी कुठल्याच भाषणात सांगितलेली नाही. सभासदांची यादी अकरा वर्षं माझ्याकडे आहे. वारलेल्यांची, पुण्या-बंगलोरला गेलेल्यांची नावं कमी करायचं काम माझं होतं. मी यादी हाती घेतली तेव्हा वीस-बावीस माणसं अजून पाचला येत होती. नावं कमी केली असती तर तेवढ्यांत एक-तृतीयांश भरले असते, आणि तुम्ही ठेवलेल्या वाटेनं मी माझं कलम मागे घेतलं असतं. पण दर वेळी संख्या कमी पडली, ती माणसं अर्धा अर्धा तास ताटकळली आणि हळूहळू यायची थांबली. नावं मी खोडली नाहीत, कारण सुरुवात तुमच्यापासून करावी लागत होती. यादीत तुमचं नाव पहिलं आहे.

हा कागद मी त्या कार्बन प्रतीत घडी घालून ठेवणार आहे. आज दुपारी लाल पेन्सिलीला टोक केलं आणि उशिरा का होईना, नावं खोडली. तुमचं राहिलं. म्हणजे नियमानं तुम्ही अजून सभासद आहात, बाबा, आणि दर सभेला गैरहजर लागता. रविवारी या. साडेपाचला नको, पाचला या.