आमचं नाव कोणत्या दप्तरात

सर, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि आज तुम्हाला लिहायला बसले आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर आधी सगळं समजावून द्यावं लागेल. तेवढं बळ आता नाही.

नांदूरघाटच्या शाळेतला तो तास आठवतो. तुम्ही टेबलाला टेकून सांगताय, की निजामाच्या राज्यात आधी सरकारपाशी स्वतःचं दप्तरच नव्हतं. मुलखाच्या शेतसाऱ्याचे, इनामांचे कागद, सगळं हैदराबादेत पिढीजात दप्तरदारांच्या घरी. गावचे कागद पटवाऱ्याच्या घरी, कापडात बांधलेले; तो मेला की भाऊ भांड्यांसारखे कागदही वाटून घ्यायचे. मग एका दिवाणानं ती दप्तरं घराघरांतून काढून सरकारजमा केली. "तवापासून रयतेला कुणाच्या ओट्यावर हात जोडायची गरज राहिली न्हाई," तुम्ही म्हणालात. मी उभी राहिले. "सर, मग आमचं नाव कोणत्या दप्तरात हाय?" वर्ग हसला. आमची पालं ओढ्याकाठी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. "खाली बस, मधी बोलू नको!" तुम्ही ओरडलात.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही हाक मारलीत. "काल रागावलो, कारण मला उत्तर येत नव्हतं. पोरी, सरकार लिहायला लागलं ते सारा वसूल करायला. ज्याला जमीन न्हाई, गाव न्हाई, त्याला लिहिणार कोण?" मग माझ्या बापाला बोलावून शाळेच्या रजिस्टरात माझ्या जातीचा कोरा रकाना तुम्ही भरलात. पत्ता तुमच्या घराचा दिलात. आमच्या घराण्याचा पहिला कागद तो, सर. त्याच्यावर मी शिकले, अंगणवाडीत लागले.

पण माझ्या लेकीला तो पुरला नाही. तिला नर्सिंगला जागा मिळाली आणि जात पडताळणीत सांगितलं, हा फार अलीकडचा, आजा-पणजाच्या वेळचा पुरावा आणा. मुदत शुक्रवारपर्यंत. माझा बाप शाळेत गेला नव्हता, त्याचा बाप तर नाहीच. मी बीडला कचेरीच्या खिडकीशी उभी राहते. कारकून भला माणूस, कॉम्प्युटरकडं बघत विचारतो, "आजोबांचं गाव कोणतं?"

"गाव न्हाई साहेब. मुक्काम व्हते."

"बाई, गावाशिवाय हे पुढं सरकतच न्हाई. मी काय करू सांगा?"

बापाच्या बोलण्यात नेहमी चकलांब्याचा मुक्काम यायचा. तेवढं सांगितल्यावर कारकुनानं त्या बाजूचे जुने उर्दू कागद काढून दिले. वाचायला बाहेर एक चाचा बसतात, पूर्वी फळांचा गाडा लावायचे. दोन दिवस ते चष्मा पुसत वाचत राहिले. सारा, विहिरी, आंब्याची झाडं, सगळ्यांच्या नोंदी निघत होत्या. मला रडू यायला लागलं, की झाडाची नोंद आहे आणि आमची नाही. गुरुवारी दुपारी त्यांचं बोट थांबलं. "बेटी, हे पोलिसांचं हाय. वाचू का?"

"वाचा."

आजाचं नाव होतं. जात होती. पुढं लिहिलं होतं, चोर कौम, म्हणजे चोरांची जमात. मुक्कामावर असेपर्यंत रोज ठाण्यात हजेरी. गुन्हा कोणता, ते कुठंच नव्हतं. "काय केलं व्हतं त्यानं?" मी विचारलं. चाचा म्हणाले, "काहीच न्हाई, बेटी. जन्मला, एवढंच." आणि सर, तरीही मी हसले. आजा सापडला म्हणून मी चाचांचे पाय धरले.

शुक्रवारी, चाचांनी खाली मराठीत उतरवून दिलेली नक्कल घेऊन पडताळणीच्या साहेबांकडं गेले. साहेबांनी ती दोनदा वाचली. "नाव जुळतंय, पण त्याच्या मुलाचं नाव यात नाही. हेच तुमचे आजोबा, कशावरून?" मी म्हणाले, "दुसरं कोण त्याला आपला म्हणंल, साहेब?" त्यांनी नक्कल घडी करून परत दिली. मग म्हणाले, "माझा नाइलाज आहे." संध्याकाळी मुदत संपली. लेकीची जागा दुसऱ्या मुलीला गेली.

आता ती भिंतीकडं तोंड करून पडून असते. काल तिनं विचारलं, "आई, आपलं कुठंच काही न्हाई का गं?" नक्कल माझ्या पिशवीत होती. तुम्ही असता तर तिला काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक. हे पत्र कुणाकडं जाणार नाही, म्हणून लिहिते: मी तिला सांगितलं, काहीच सापडलं नाही.