शेवटचं बटण

प्रिय सोन्या,

तुझा फोन आला की "सगळं छान आहे" म्हणते आणि ठेवून देते. फोनवर ते सहज निघतं, कागदावर निघत नाही. म्हणून आज लिहायला बसले.

आधी इकडची खबर. बाजारातल्या बाबांच्या ऑफिसात आता चपलांचं दुकान आलंय. आपल्या भागातून निवडून गेलेल्या प्रतिनिधीबाईंचं ते ऑफिस बाबांनी केस पिकेपर्यंत सांभाळलं. कुणाचं पेन्शन अडलं, कुणाचा नळ कोरडा, माणसं आधी त्यांच्याकडेच यायची. मागच्या जनगणनेनंतर देशाच्या सभागृहातली आपल्या राज्याची एक जागा गेली, आपला मतदारसंघ शेजारच्यात मिसळला आणि बाबा घरी बसले.

जागा कशी गेली, हे त्यांनी मला माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं मांडून समजावलं होतं. बटणं आहेत तेवढीच, वाढत नाहीत. प्रत्येक राज्याच्या वाटीत आधी एकेक टाकायचं, मग माणसं बघून उरलेली वाटायची. शेवटच्या बटणाला दावेदार दोनच उरले, आपलं राज्य आणि तू राहतोस ते. ते गेलं तुमच्या वाटीत. मी चिडले, तर म्हणाले, "अगं, माणसं जिथं गेली तिथं बटण जाणारच. हिशोब बरोबर आहे." हिशोब बरोबर होता, म्हणून बिचाऱ्यांना कुणावर धड रागावताही आलं नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मोजणी व्हायची होती तेव्हा बाबांनी तुझ्या पलंगावर धुतलेली चादर घातली, तुझा जुना शर्ट खुंटीला अडकवला. घरात तिघं राहतो, असं सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. मी हसले. म्हटलं, एका पोरानं काय राज्य तरणार आहे? मोजणीवाल्या बाईंनी साधंच विचारलं, मुलगा बहुतेक रात्री कुठं झोपतो? जन्मभर लोकांचे अर्ज खरे लिहिलेला माणूस, त्यांची जीभ वळेना. "तिकडं," म्हणाले आणि उठून आत गेले. मग माझंही हसू पळालं.

बाबा आता विसरतात, सोन्या. मी तुझ्यापासून लपवलं. आधी चहा घेतल्याचं विसरायचे, मग आपली गल्ली विसरले. परवा मला खुर्ची पुढे करून म्हणाले, "बसा बाई, तुमचं काय काम अडलंय?" मी बसले. म्हटलं, नळाला पाणी नाही. म्हणाले, बघतो. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

एक गोष्ट मात्र अजून विसरलेले नाहीत. रोज संध्याकाळी तुझ्या पलंगाची चादर झटकतात आणि मला दटावतात, "मोजणीवाल्या येतील. पोराला बोलावून घे." तुझं नाव त्यांच्या तोंडी अजून आहे. किती दिवस राहील, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तुझं काम तिकडं, संसार तिकडं, सगळं मान्य आहे मला. तुझी मोजणी तिकडंच होऊ दे. एका रात्रीपुरता ये आणि त्या पलंगावर झोप. सकाळी ते दार उघडून बघतील, तेव्हा तू तिथं असावास, एवढंच.

वाट बघणारी, तुझीच
आई