आपल्याच गोलकीपरला ‘मामा’ म्हणण्याविषयी

तीर्थरूप दाजी,

धाकट्या मेव्हण्याचा नमस्कार पोचावा. (समोर असतो तर वाकून केला असता, पण समोर ताईही असती, आणि वाकलेल्या पाठीवर काय बसेल याचा भरवसा नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकन वाजतो का? ताईची डोकेदुखी थांबली असेल तर हे पत्र तिच्या हाती लागू देऊ नका, पुन्हा सुरू होईल. फोन करायचा विचार चारदा केला, पण फोन नेहमी तीच उचलते. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

मूळ मुद्दा असा, की तुमचा चिरंजीव चार दिवस माझ्याशी बोलत नाही. माझ्याच घरात राहतो, माझ्याच कारखान्यात कामाला येतो, सकाळी एकाच थांब्यावर उभा राहतो आणि बस आली की दुसऱ्या दाराने चढतो. येत्या रविवारी गोलात उभा राहणार नाही, यापुढे कधीच नाही, असं त्याने कप्तानाला सांगून टाकलंय. सव्विसाव्या वर्षी! ताईच्या कानावर त्याने काय घातलं ते मला ठाऊक नाही. निदान माझी बाजू तुम्ही ऐकून घ्या.

आमच्या पंपांच्या कारखान्याचा फुटबॉल संघ यंदा गेल्या रविवारच्या आधी नऊ सामने खेळला आणि नऊ हरला. (दहावा झालाच नाही, समोरच्या संघाची बस वाटेत बंद पडली. तेव्हा आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या.) साहजिकच आम्हा समर्थकांची कँटीनमध्ये बैठक बसली. विषय एकच, आपल्याच संघाची हुर्यो उडवावी की नाही. तपासणी खात्याच्या फोरमनला सगळे ‘गळती’ म्हणतात, कारण पंपातली गळती शोधणं हे त्याचं काम आणि माणसातलीही त्याला लगेच सापडते. तो म्हणाला, “पंप गळला तर गिऱ्हाईक काय टाळ्या वाजवतं? बोंबलतं! म्हणून तर आपण वायसर बदलतो.” मी म्हणालो, पंपाला कान नसतात. सगळे एकदम गप्प झाले. मला वाटलं मी जिंकलो. प्रत्यक्षात चहा आला होता.

दाजी, गळतीचं म्हणणं अगदीच चूक नाही, हे मी तुमच्यापाशी कबूल करतो. रोज सकाळी मी देवापुढे उभा राहतो तो निम्मा वेळ तक्रारच करत असतो. परक्याच्या देवाकडे कुणी गाऱ्हाणं घेऊन जात नाही. जो आपला, त्याच्यावरच चिडता येतं. म्हणजे ओरडायचा हक्क आहे. पण मी देवापुढे ओठ मिटून कुरकुरतो, सतरा माणसं गोळा करून नव्हे. आपल्या गावच्या शाळेतले गुरुजी आठवतात ना? गणित चुकलं की नुसते डोळे मिटून बसायचे. त्या मिटलेल्या डोळ्यांची जेवढी भीती वाटायची तेवढी छडीची कधी वाटली नाही. हे सगळं मी बैठकीत बोललो. (कंटाळून का होईना, लोकांनी ऐकलं.) शेवटी ठराव झाला की कितीही गोल बसोत, टाळ्याच वाजवायच्या. सूचक मी, अनुमोदकही मीच, कारण दुसरा हात वर होईना. लिहिलाही माझ्याच अक्षरात.

गेल्या रविवारी पहिल्या तीन गोलांना आम्ही इतक्या टाळ्या वाजवल्या की समोरच्या संघाला आम्ही त्यांचेच वाटलो. त्यांच्या एकाने तर आम्हाला वाकून अभिवादन केलं. चौथ्या वेळी त्यांचा एक बुटका एकटाच चेंडू घेऊन आला. त्याने डावीकडे मारल्यासारखं केलं, तुमचा चिरंजीव डावीकडे झेपावला, फोटो काढून ठेवावा असा झेपावला, आणि चेंडू उजवीकडून रमतगमत आत गेला. तेवढ्यात गोलामागून आवाज आला, “अरे, मामा बनवलं तुला!” झालं! अख्ख्या मैदानाने शब्द उचलला. मामा! मामा!

आता माझी पंचाईत लक्षात घ्या. भाचा मला मामा म्हणतो म्हणून सगळा कारखाना मला मामाच म्हणतो. लोकांना गप्प करावं म्हणून मी उठून दोन्ही हात वर केले. लोकांना वाटलं, खुद्द मामाच ताल धरतोय. आवाज दुप्पट झाला. त्याने वळून पाहिलं तर मी हात वर करून उभा, आणि तो माझ्याकडे पाहत असतानाच पाचवा गोल झाला. गळतीने माझ्या पाठीवर थाप मारली. “वा मामा! ठराव लिहिलात तुम्ही आणि फाडलातही तुम्हीच!” घरी आल्यावर बायकोने एकच वाक्य ऐकवलं, “चार त्याने खाल्ले, पाचवा तुम्ही भरवलात.”

नऊ पराभवांनी जे झालं नाही ते एका शब्दाने झालं. बोलायला लागल्यापासून तो मला ज्या शब्दाने हाक मारतो, तोच त्याच्या तोंडून येईनासा झालाय. काल जेवताना त्याला मीठ हवं होतं. बराच वेळ अडखळला आणि शेवटी मला म्हणाला, “अहो.” मला! मी आणि बायको, दोघांनीही वर पाहिलं. मीठ मीच दिलं.

तेव्हा तुम्ही वडीलकीच्या नात्याने त्याला समजवा, की लोक अविचारी असतात, मामाचा त्यात दोष नव्हता. गुडघ्याला जपा.

तुमचा,
पॅकिंग खात्यातला मेव्हणा

ता. क. : वर ‘गोलामागून आवाज आला’ असं लिहिलंय. ते व्याकरणाने बरोबर आहे, बाकी कशानेच नाही. आवाज माझा होता. तीन गोल तळहातांनी सोसले, चौथा तोंडातून बाहेर पडला. त्याने ओळखला. लहानपणी रोज सकाळी त्याला ‘ऊठ’ म्हणणारा आवाज तो कसा विसरेल? वळून त्याने पाहिलं ते खात्री करायला. दोष माझाच आहे, दाजी.

ता. क. २ : म्हणून समजावण्याचं राहू द्या. त्याला फक्त एवढंच सांगा, की रविवारी मामा मैदानावर येणार नाही, तू खुशाल उभा राहा. मी सांगायला गेलो तर तो खोलीतून उठून जातो.

ता. क. ३ : पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात तो दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, “मामा, कप्तानाला हो म्हणून आलोय. तुला ओरडायचंच असेल तर माझ्या मागे नको उभा राहूस. पलीकडच्या गोलामागे जा. त्यांचा गोलकीपर तरी दचकेल.” म्हणजे वरच्या दोन्ही विनंत्या रद्द समजाव्यात, रविवारी मी जाणार. पण दाजी, पलीकडे जाऊन मी ओरडणार कधी? यंदा आपला चेंडू त्या बाजूला एकदाही गेलेला नाही.