आईजवळ कोण थांबणार

प्रिय खारूताई,

माझं अक्षर बघून छातीत धस्स होईल तुझ्या, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, आई बरी आहे. आत्ता पलंगावर डोळे मिटून पडली आहे. झोपली आहे की मला टाळते आहे ते कळायला मार्ग नाही. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे मंगळवारीच आहे. हृदयाची झडप बदलणं हल्ली काही विशेष राहिलेलं नाही असं डॉक्टर म्हणतात. त्यांना नसेल विशेष. माझ्या जिवाला मात्र घडीभर चैन नाही. हे पत्र लिहायला बसल्यापासून दोनदा उठलो, एकदा गॅस बंद आहे का बघायला आणि एकदा उगाचच. फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर मी मुद्द्याचं सोडून बाकी सगळं बोलतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. शिवाय घर एवढंसं आणि आईची झडप बिघडली तरी कान अगदी ठणठणीत आहेत. पत्र लिहिताना आवाज होत नाही.

आधी चर्चच्या मंडळीची बातमी सांगतो, मग हळूहळू मुद्द्यावर येतो. नवे पाळक आले आहेत. वयाने तुझ्याहून लहान, दाढीसुद्धा जेमतेम चार ठिकाणी उगवलेली. उपदेश बरा करतात. बरा म्हटलं मी, हीच माझ्याकडून मोठी पावती समज. पण त्यांनी बुधवारच्या प्रार्थनासभेत एक नवंच काढलं आहे. जोड्या लावतात. जोडीतल्या एकाने आपल्याला काय हवं आहे ते सांगायचं आणि दुसऱ्याने देवाकडे तेवढंच मागायचं. वर एक शब्द घालायचा नाही. ऐकायला किती सोपं वाटतं! मी मनात म्हटलं, ही तर संडे स्कूलच्या पोरांची कवायत झाली, आपल्यासारख्या माणसाला कशाला? तुझ्या पप्पांना मंडळीत आमेनमास्तर म्हणतात हे तू जाणतेसच. कुणाची प्रार्थना संपली की सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्याने आमेन माझं. मग बाहेर चपला घालताना त्या माणसाला बाजूला घेऊन सांगायचं, छान झाली हं प्रार्थना, फक्त उपकारस्तुती राहिली, आणि मागणं जरा लवकर आलं. मी त्याच्यावर उपकार करतो आहे असंच मला वाटायचं. काय करणार? जन्मभर लिफ्ट तपासल्या. दार नीट बसतं का, दोर झिजला आहे का, घंटा वाजते का, आणि शंका आली की लिफ्ट बंद. निवृत्त झालो तेव्हा शिक्का ऑफिसात जमा केला, सवय मात्र घरी घेऊन आलो.

तर पहिल्याच बुधवारी माझी जोडी लागली पोस्टमास्तरांशी. आमच्या दोघांत कुणाची प्रार्थना जास्त लांबते याची किती वर्षं चुरस आहे ते सगळी मंडळी बघते आहे. त्यांनी सांगितलं, माझा उजवा गुडघा दुखतो, जिना चढवत नाही. बस्स. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली. गुडघ्यावरून सहनशीलतेवर गेलो, तिथून म्हातारपणातल्या हट्टीपणावर, आणि प्रभूने आपल्या या सेवकाला शारीरिक दुखण्यातून नम्रतेचा धडा द्यावा इथपर्यंत पोचलो तेव्हा शेजारून आवाज आला, "अहो, मी गुडघा सांगितला होता." डोळे उघडून बघतो तर पोस्टमास्तर एक डोळा उघडा ठेवून माझ्याकडे बघताहेत. पुढच्या रांगेतल्या बायका खांदे हलवून हसत होत्या. मी हसलो नाही. घरी येऊन आईला सांगितलं, हे पाळक मंडळीचं वाटोळं करणार. आई मटार सोलत होती, तोंड खाली होतं, पण ती हसत होती अशी माझी खात्री आहे.

हसण्यावारी गेलं असतं सगळं, पण त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. संध्याकाळी ती पलंगावर बसली होती, चेहरा एवढासा झालेला. मी जवळ गेलो, डोक्यावर हात ठेवला आणि मला जे येतं ते केलं. खारूताई, मी मनापासून करत होतो गं. स्तुती, उपकार, पापांची कबुली, डॉक्टरांच्या हातांसाठी मागणं, एकही गोष्ट सोडली नाही. अर्ध्यात तिने माझा हात डोक्यावरून हलकेच काढला. म्हणाली, "अहो, थांबा जरा. तुम्ही प्रार्थना करता तेव्हा माझी तपासणी चालल्यासारखं वाटतं. ऑपरेशन होईपर्यंत माझ्यासमोर मोठ्याने नको. मनात करा." इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई माझ्यावर ओरडली आहे, रुसली आहे, एकदा ताट सरकवून उठलीही आहे. पण हे असं शांतपणे कधी बोलली नव्हती. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

मी चपला अडकवल्या आणि बाहेर पडलो. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं म्हणून आपल्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये वर-खाली करत राहिलो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, काका, बिघडली का लिफ्ट? मी म्हटलं, नाही, बघतोय. तेव्हापासून घरात असं चालू आहे. ती खोलीत गेली की मी बाहेर, ती बाहेर आली की मी गॅलरीत. मनात प्रार्थना करायला बसतो तर माझे ओठ हलतात, आणि ती आतून म्हणते, ओठ हलताहेत. देवासमोर बसलं की एरवी मला शब्द कमी पडत नाहीत. आता पहिला शब्दच निघत नाही. काय म्हणू? जिच्यासाठी बोलायचं तिलाच माझं बोलणं सोसत नाही.

शेवटी तावातावाने पाळकांकडे गेलो. गाऱ्हाणंच करायला गेलो होतो, तुझ्यापासून काय लपवू. तुमच्या त्या बुधवारच्या प्रकाराने माझ्या घरात ही वेळ आणली, असं चांगलं सुनवायचं ठरवलं होतं. ते हॉलमध्ये फाटक्या गीतपुस्तकांना कागद चिकटवत बसले होते. सगळं ऐकून घेतलं, बोटाची खळ पुसली आणि एवढंच विचारलं, "काका, त्यांना काय हवं आहे ते तुम्ही विचारलंत का?" मी तसाच उठलो. वाटेत इतका संतापलो होतो की चुकीच्या गल्लीत शिरलो. कालच्या पोराने मला हे विचारावं! आणि चालता चालता, कुठून कोण जाणे, येशूचे ते शिष्य आठवले. प्रभूकडे येऊन आम्हाला प्रार्थना करायला शिकवा म्हणणारे. बायबल क्लासमध्ये तो भाग मी किती वेळा शिकवला असेल. पण अगं, ती मोठी बाप्ये माणसं होती! लहानपणापासून प्रार्थना करत आली होती, सगळी स्तोत्रं तोंडपाठ असणार. तरी त्यांनी शिकवा म्हटलं. हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. मी तो भाग शिकवताना नेहमी शिकवणाऱ्याच्या बाजूला उभा असायचो. त्या गल्लीत उभ्या उभ्या मला भारी लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून परत राग आला. असं माझं चाललं आहे.

घरी आलो. आई बाल्कनीत जुन्या शर्टांची बटणं काढत बसली होती. पुढ्यात बसलो आणि विचारलं, तुला काय हवं आहे? तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग हातातलं बटण काढायला घेतलं. मी गप्प बसलो, आणि मला गप्प बसायला किती कष्ट पडतात ते तुला सांगायला नको. मग ती म्हणाली, "मरणाची नाही भीती वाटत हो. आत नेताना चष्मा काढून घेतील ना, त्याची वाटते. चष्मा नसला की मला कुणाचा चेहरा दिसत नाही, नुसते पांढरे डाग दिसतात. तेव्हा दारापर्यंत कुणीतरी हात धरून बोलत राहावं. देवाशी बोलावं, पण माझा हात सोडू नये." एवढंच मागणं होतं तिचं. माझ्या एवढ्या मोठ्या प्रार्थनेत चष्मा कुठेच नव्हता.

बोलता बोलता तिने तुझ्या संडे स्कूलच्या वर्गाची आठवण काढली. मागच्या भेटीत आम्ही दोघं मागे बसून बघत होतो तो. त्या शेंबड्या पोराचा पोपट उडून गेला होता आणि तू त्याच्यासमोर खाली बसून विचारलंस, सांगायचं का आपण देवाला? त्याने काय सांगायचं ते सांगितलं, तू तेच देवाला सांगितलंस, त्याचा हात हातात धरून. संपलं. परत येताना गाडीत मी सगळ्या वाटेने नाक मुरडत आलो, की पोपटासाठी कुणी प्रार्थना करतं का, आणि निदान पोराला आज्ञाधारकपणाचे तरी दोन शब्द सांगायचे. आई तेव्हा खिडकीबाहेर बघत होती. ती काय बघत होती ते आता कळलं. तिला तो हात हवा आहे.

आता मुद्दा. पेन खाली ठेवून एक फेरी मारून आलो, आता लिहितोच. ऑपरेशनची तारीख कळली त्याच रात्री आईने मला सांगितलं होतं, खारूताईला विचारा, तिला जमत असेल तर मंगळवारी ती माझ्याजवळ असू दे. मी स्वतः बोलावलं तर ती हातातलं सगळं टाकून धावत येईल, म्हणून तुम्ही विचारा, तिची अडचण बघून विचारा. मी तुला फोन केला. तुला आठवत असेल काय बोललो ते. आई म्हणते आत्ता येऊ नकोस, नंतर विश्रांतीच्या वेळी ये, तेव्हा खरी मदत होईल. तू एवढंच म्हणालीस, आईच म्हणाली का असं? मी हो म्हटलं. आणि आईला जाऊन सांगितलं की तुला रजा मिळत नाही. ती बरं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर फोनवर ती तुझ्याशी तुटक बोलते आणि तू तिच्याशी, आणि दोघीही मला विचारता की तिला काय झालंय. खारूताई, ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत एकाच माणसाला सोडतात. ती जागा मला हवी होती. शेवटची प्रार्थना माझीच व्हावी, माझाच आवाज तिच्या कानात असावा, म्हणून मी तुम्हा मायलेकींत खोटं घातलं, आणि रोज सकाळी पवित्र शास्त्र उघडून बसतो आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. आधी हे पत्र कुरिअरला देऊन येतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही, मग तिला सांगतो. तिला काय म्हणायचं असेल ते म्हणू दे. तुलाही म्हणायचं ते समोर येऊन म्हण, मी मध्ये बोलणार नाही. पण सोमवारी ये. दारापर्यंत तू जा, हात तू धर. मी मागे बाहेरच्या बाकावर बसेन. तिथे बसून तिच्यासाठी काय म्हणायचं ते मला येत नाही, म्हणून जरा लवकर निघ आणि तिच्याबरोबर जाण्याआधी मला शिकव.

तुझाच,
पप्पा