सॉसची बाटली मीच ठरवणार

सोमवार, ४ तारीख. संध्याकाळी.
ही बहिणीकडे जाऊन आठवडा झाला. विश्रांतीसाठी गेली आहे. दोन मोठ्या बॅगा नेल्या, पण बायकांना कपडे लागतातच.

आज फोन आला. रविवारी दुपारी जेवायला येते म्हणाली. स्वतःच्याच घरी ‘जेवायला येते’ म्हणणं जरा खटकलं, पण दमलेलं माणूस काहीही बोलतं. नेहमीसारखा पास्ता करू म्हणाली. सॉस मात्र मी आणायचा. "कुठला आणू ते मला विचारायचं नाही. ताईलाही नाही, लेकीलाही नाही. तुम्ही स्वतः ठरवलेली एक तरी गोष्ट मला या घरात बघायचीय. मग पुढचं बोलू."

पुढचं म्हणजे काय, हे विचारायचं राहिलं.

हसू आलं. उभा जन्म खरेदी विभागात गेला माझा. खिळ्यापासून बॉयलरपर्यंत कारखान्यात काहीही यायचं तर आधी माझं टिपण लागतं. तीन कोटेशनं, तुलनेचा तक्ता, खाली माझी शिफारस. साहेब फक्त सही करतात. आणि मला ठरवता येत नाही म्हणे.
संकल्प: उद्या ऑफिस सुटल्यावर दुकान. पाच मिनिटांत विषय संपवायचा.

मंगळवार, ५. सकाळी.
ओट्यावरच्या चौकोनी बाटलीतली साखर संपली. तळाची खरवडून चहात घातली. मागे फळीवर तशाच बाटल्यांची रांग आहे. मीठ, तांदूळ, मिरी. एकीत नुसती बटणं. साखर काही सापडली नाही. इतक्या एकसारख्या बाटल्या ही कुठून जमवते कोण जाणे.

मंगळवार. रात्री आठ.
पाय दुखताहेत.
सॉसची एक अख्खी भिंत आहे दुकानात. बेसिलवाला, लसणाचा, भाजलेल्या टोमॅटोचा, मशरूमचा. एकावर नुसतंच ‘पारंपरिक’ लिहिलंय. कुणाची परंपरा, ते लिहिलेलं नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांवर एकच आजी हसते आहे. ती नक्की कुणाकडे कामाला आहे? मागची बारीक अक्षरं वाचायला गेलो, तर चष्मा ऑफिसात राहिलेला.
दुकानातल्या मुलीने विचारलं, काका, घरी नेहमी कुठला वापरता? मी म्हणालो, लाल.
ती शहाणी मुलगी. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.
काही न घेता परतलो. आजची फक्त पाहणी होती. पाहणीच्या दिवशी खरेदी करत नसतात. पाव खाल्ला.

बुधवार, ६.
दुपारच्या सुट्टीत साडूला फोन केला. हिने ताईचं नाव घेतलं होतं, लेकीचं घेतलं होतं. साडूचं घेतलं नव्हतं. मी नियम मोडलेला नाही.
साडू दबक्या आवाजात बोलत होता. म्हणाला, अरे, एक उचल आणि मोकळा हो. त्याचं सगळंच असं उरकून टाकल्यासारखं असतं. ही कशी आहे, विचारलं. म्हणाला, झोपते बरीच. आज काय करायचं असं ताई विचारते, तेव्हा तुम्हीच ठरवा म्हणते आणि खुशीत टीव्ही बघत बसते. बरं वाटलं ऐकून. विश्रांती मिळते आहे.
संध्याकाळी पुन्हा दुकान. एक उचलून मोकळं होणं मला जमत नाही, म्हणजे मी ते करत नाही. सहा उचलल्या. घरी आल्यावर जीव इतका शिणला होता, की बाटल्या कपाटात ढकलल्या आणि आडवा झालो.

गुरुवार, ७.
चाचणी निष्पक्ष हवी. बाटलीवरचं नाव बघितलं, की जीभ खोटं बोलायला लागते. म्हणून सगळी लेबलं काढायची.
कपाटातून बाटल्या काढल्या, तर सात निघाल्या. मोजण्यात मी कधी चुकत नाही. त्या मुलीनेच एक जास्त टाकली असणार. सातही बादलीत कोमट पाण्यात बुडवून ठेवल्या.
ऑफिसात साहेबांनी विचारलं, नव्या खुर्च्यांचं काय झालं? टिपण तयार होतंय म्हणालो. खुर्च्यांचं भिजत घोंगडं उन्हाळ्यापासून पडलंय, पण घाईत घेतलेली खुर्ची कुरकुरते.

शुक्रवार, ८.
लेबलांचा लगदा झाला. न्हाणीघराची मोरी तुंबली. तारेने अर्धा तास खरवडली तेव्हा कुठे पाणी गेलं. कंबर धरली.
बाटल्यांवर मार्करने आकडे घातले, एक ते सात. सगळ्या उघडल्या. आधी गार चव घेतली, मग गरम करून. दोन नंबर आंबट. पाच नंबर म्हणजे नुसता मुरांबा. तीन नंबरने जीभ चरचरली. आजीवाला कुठला, ते आता कळायला मार्ग नाही, म्हणजे चाचणी खरोखरच निष्पक्ष झाली.
मग सात नंबर.
एकदम घरी आल्यासारखं वाटलं. घरीच होतो म्हणा. उभ्या उभ्या चार चमचे खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं. लसूण जास्त असावा.
निर्णय: सात. कुणालाही न विचारता. एकट्याने.
बाटली अर्धी झाली, तेव्हा उद्या नवी आणायची. नाव मात्र लगद्यात गेलं.

शनिवार, ९.
सात नंबरची बाटली पिशवीत घालून दुकानात गेलो. चौकोनी खांद्यांची, बुटकी. त्या भिंतीवरच्या प्रत्येक बाटलीशेजारी धरून बघितली. एकही जुळेना. मुलगी म्हणाली, काका, अशी बाटली आमच्याकडे येतच नाही. मी म्हणालो, बुधवारी तुम्हीच एक जास्त टाकलीत. तिने मशीनमध्ये बघितलं. सहाच होत्या. नवीन असावी बिचारी.
असो. अर्धी बाटली दोघांना पुरते, मी मध्ये हात घातला नाही तर.

शनिवार. संध्याकाळी.
दोन चमचे घातले.

रविवार, १०. सकाळी.
नीट झोप लागली नाही. एका माणसाने एकदा घेतलेली चव धरायची का? ऑफिसात असं टिपण आलं असतं, तर मीच परत पाठवलं असतं. म्हणून सातही बाटल्या टेबलावर मांडल्या आहेत. प्रत्येकीपुढे एकेक चमचा. निर्णय माझाच आहे. तिने फक्त खात्री करायची.

रविवार. दुपारी तीन.
बारा वाजता आली. हातात नुसती पर्स. बॅगा मागाहून साडू आणणार असेल, असं वाटलं.
टेबल बघून दारातच थांबली. मी सगळं सांगितलं. भिंत, आजी, लगदा, मोरी. मग चमचा पुढे केला. म्हणालो, चाखून सांग, सात नंबरच ना?
तिने चमचा घेतला नाही. सात नंबर उचलली, ओट्यापाशी नेली आणि साखरेच्या रिकाम्या बाटलीशेजारी ठेवली. तेच चौकोनी खांदे. मागे फळीवर त्यांचीच रांग.
"ही मी आणलेली आहे," ती म्हणाली. "जायच्या आदल्या दिवशी. लेक शाळेत होती तेव्हापासून हीच आणते. दोन बस बदलून."
मी म्हणालो, मग तुझा पहिला नंबर आला.
ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसलेली बघितली. म्हणाली, इतक्या रविवारांत चव आवडते असं एकदाही बोलला नाहीत. मी म्हणालो, तू कधी विचारलं नाहीस.
हसू गेलं.
पास्ता तिनेच केला, भरपूर केला. मी छान झालाय म्हणालो. ती क्षणभर खायची थांबली. मग ताटल्या उचलता उचलता म्हणाली, "मी परत येऊ की नको? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते."
‘ये’ एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण दमलेल्या माणसावर आपलं म्हणणं लादायचं का? तिला तिथेच बरं वाटत असलं तर? मी अगदी मायेने म्हणालो, "तुला योग्य वाटेल ते कर. माझं काही म्हणणं नाही."
तिने ताटल्या सिंकमध्ये ठेवल्या. हात पुसले. चपला घातल्या. दारातून म्हणाली, साखर वरच्या फळीवर आहे, डाव्या हाताला.

रविवार. संध्याकाळी सहा.
शांतपणे विचार केला. मी योग्य तेच वागलो. दुसरा कुणी असता, तर हट्ट धरून बसला असता. आज ना उद्या हे तिच्या लक्षात येईल. चहा केला. साखर डाव्या हातालाच होती. चहा अर्धा तसाच राहिला.
पातेलंभर पास्ता उरलाय. फ्रिजमध्ये ठेवावा, तर गोळा होईल. टाकावा, तर तिच्या हातचा. उद्या डब्यात न्यावा, तर गरम कुठे करणार. शेवटी तिला फोन केला. साडूने उचलला. मी पास्त्याचं विचारलं. त्याने फोनवर हात ठेवून आत काहीतरी विचारलं आणि परत आला. म्हणाला, ती म्हणते, तुम्हीच ठरवा.
पातेलं अजून ओट्यावरच आहे.