गेटच्या आतल्या गोष्टी

जबलपूर
३ मे २०२५

चि. विनता हिस,
सुखरामदादाचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझे मार्चमधले पत्र वेळेवर पोचले होते. उत्तराला उशीर झाला त्याला कारण काही नाही, नुसता कंटाळा. निवृत्तीला नऊ वर्षे झाली, तरी दिवसाचे काय करावे हे अजून मला ठरवता येत नाही. उजवा कान पूर्ण गेला. डाव्याला मशीन लावले की पंख्याचीच घरघर ऐकू येते, म्हणून तेही डबीत ठेवून दिले. फोनवर तू ओरडणार आणि मी भलतेच उत्तर देणार, त्यापेक्षा आपली पत्रे बरी.

आता एक नवे खूळ सांगतो. अश्वजीतने मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला आणि सूनबाईने, एकताने, मला एका गटात बसवून दिले. 'नर्मदा चौपाल' असे त्याचे नाव. चारेक हजार माणसे आहेत आणि सगळी सकाळपासून हिंदीत भांडतात. महागाई, पेपरफुटी, नदीतली वाळू, काही म्हणून सोडत नाहीत. मी तिथे 'संगमरवर' नावाने लिहितो. भांडायला कान लागत नाहीत, हे मला फार सोयीचे पडले.

सध्याचा वाद सरकारी गुपितांचा आहे. दीक्षितपुऱ्यात झेरॉक्सचे दुकान चालवणारा अनुपम नावाचा एक माणूस आहे. माहितीच्या अधिकारात त्याला अर्ध्या ओळी काळ्या केलेली पाने मिळाली. तेव्हापासून तो सगळ्या जुन्या फायली उघडा म्हणून मागे लागला आहे. मी त्याला लिहिले की भैया, चौतीस वर्षे मी 'गोपनीय' शिक्क्याखाली टायपिंग केले आहे, आणि काही कागद बंद असतात म्हणून माणसे नीट झोपतात. चाळीस जणांनी शाबासकीचा अंगठा उमटवला. म्हातारपणी एवढे कौतुक पुरते.

पायलला आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याचे कळव. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा
सुखरामदादा


नागपूर
१२ मे २०२५

आदरणीय दादास,
विनताचा जयभीम. वि. वि.

पत्र वाचून हसू आले. घरात ज्याच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघत नव्हते, तो तिथे पानेच्या पाने लिहितो म्हणे. आणि नाव काय, तर संगमरवर. भेडाघाटचा दगड तरी चांदण्यात जरा उजळतो, तू तर तेवढाही नाहीस.

पायलही त्या गटात शिरली आहे. जेवण झाले की ती मला तुझे सगळे वाचून दाखवते. तिला मराठी वाचायचा आळस, पण मामाचे हिंदी भाषण मात्र सुरात वाचते. दादा, तू छान लिहितोस. पटत मात्र नाही. मला अंगणवाडीत पंचवीस वर्षे झाली, वजनाचे रजिस्टर मी कोणत्याही आईपुढे उघडे ठेवले. तिच्याच लेकराचे वजन तिच्यापासून काहून लपवायचे?

तुम्हा दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या लोकांची रीतच वेगळी होती. गेटच्या आतले गेटच्या आत. बायकांनी विचारायचे नाही, पुरुषांनी सांगायचे नाही. वीरेंद्र तर मला, बायकोला, आज कँटीनमध्ये कोणती भाजी होती हेसुद्धा सांगत नसे. तू अजून घरी आलास की दारातच खिसे उलटे करून दाखवतोस, असे एकता सांगत होती. आता तुझी झडती घेणारे कोण राहिले?

सिहोऱ्याला कधी गेला होतास? सासूबाईंना, गीताबाईंना, बघून ये. स्फोटात वीरेंद्रबरोबर गेलेले ते दोघे त्यांच्याच गल्लीतले. अठ्ठावीस वर्षे झाली, तरी वीरेंद्रने आत नेलेल्या माचिसने दोन घरे बुडवली, हे त्या गल्लीच्या डोक्यातून जात नाही. जयंतीची मिरवणूक यंदाही त्यांनी दाराआडूनच पाहिली. शहाऐंशी वय झाले. तुझे नाव काढत असतात.

गुडघा आहे तसाच आहे. रागवू नकोस आणि माया कमी करू नकोस.

तुझी
विनता


जबलपूर
१ जून २०२५

चि. विनता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सिहोऱ्याला जाणे झाले नाही. ऊन फार आहे आणि बसमध्ये बसवत नाही. ही दोन्ही कारणे खरी आहेत, पण तू ती पूर्ण मानू नकोस. मलाच तिथे जावेसे वाटत नाही.

चौपालचा गट मी सोडला. वीट आला. अनुपमने शोधत शोधत आपल्या स्फोटाचा विषय काढला. तीन माणसे गेली आणि चौकशीचा अहवाल कोणी पाहिला नाही, तो उघडा, असे त्याने लिहिले. मी वाचत राहिलो. तेवढ्यात माझ्याच बाजूने बोलणारे एक गृहस्थ पुढे आले. त्यांनी लिहिले की त्यात उघडायचे काय आहे, एक बिडी पिणारा मजूर माचिस घेऊन आत गेला आणि दोघांना घेऊन मेला, सगळ्या जबलपूरला ठाऊक आहे. खाली माणसे हसत होती. मला संताप आला. रागाच्या भरात मी दोन ओळी लिहिल्या आणि दहा मिनिटांत काढून टाकल्या.

पायल ते अजून वाचते का? वाचत असली तर तिला सांग, नोकरीकडे लक्ष दे. या चर्चेतून कोणाचे भले होत नाही.

थकलो आहे. आंबे पाठवणार होतो, पण यंदा नीट मिळाले नाहीत. आठवण ठेव.

तुझा
सुखरामदादा


नागपूर
९ जून २०२५

आदरणीय दादास,
जयभीम.

त्या दहा मिनिटांत पायलने तुझ्या ओळी वाचल्या होत्या. तिने त्यांचा फोटोही काढून ठेवला आहे. तू लिहिले होतेस की त्या माणसाने माचिस गेटवरच टाकली होती, मेला तेव्हा त्याच्या खिशात टोकन आणि कंगवा एवढेच होते. पायल मला विचारत होती, मामाला हे कसे माहीत. मी तिला सांगितले की मामाने माझी बाजू घ्यायला रचले असेल. पण तू रचणारा माणूस नाहीस.

मी आजवर कोणाला न सांगितलेले तुला लिहिते. त्या सकाळी आम्ही जबलपूरच्या क्वार्टरमध्ये होतो, पायल पोटात, सहावा महिना. रॉकेलच्या वासाने मला मळमळायचे, म्हणून वीरेंद्रनेच स्टोव्ह पेटवला, चहा केला, मला दिला आणि ड्युटीवर गेला. थोड्या वेळाने मी भात टाकायला उठले, तर फळीवर माचिस नव्हती. मी ओळखले की त्याने सवयीने खिशात टाकली. तेव्हा तो कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपर्यंतही पोचला नसेल. धावत गेले असते तर सापडला असता. मी गेले नाही, कारण उठून चालायचा कंटाळा आला होता. शेजारणीकडून माचिस मागून आणली आणि भात टाकला. साडेदहाला धोक्याचा भोंगा झाला.

मग लोक माचिस, माचिस म्हणू लागले तेव्हा मी एकदाही नाही म्हटले नाही. मी काय म्हणणार? मला तर ती घरातून गेलेली ठाऊक होती. पुढे सिहोऱ्यात सासूबाईंना लोक बोलत आणि मी मान खाली घालून बसे. म्हणून तर पायल तीन महिन्यांची झाल्यावर मी नागपूरला निघून आले. त्या गल्लीत माझ्याने राहवेना. अठ्ठावीस वर्षे मी स्टोव्ह, गॅस, उदबत्ती, काहीही पेटवताना तेच आठवते की मी उठले नाही.

तुला काय माहीत आहे ते सगळे लिही. गुप्ततेची शपथ घेतली होतीस हे मला ठाऊक आहे. तरी लिही.

विनता


जबलपूर
२७ जून २०२५

चि. विनता,

तुझे पत्र बारा दिवस माझ्या उशीखाली आहे. मी त्याला चार उत्तरे लिहिली आणि चारही फाडली.

चौकशीचा अहवाल मी टाइप केला होता. तेव्हा ऑफिसात गोपनीय टायपिंगचे दोघे होतो, दुसरा रजेवर होता. मृतांपैकी एक माझा मेहुणा आहे हे मी साहेबांना सांगायला हवे होते, मग ते काम माझ्याकडे आले नसते. मी सांगितले नाही, कारण मला वाचायचे होते. वर एक प्रत आणि खाली दोन कार्बन, एकवीस पाने. टाइप करताना रडता येत नव्हते, शाई पसरली असती तर पान पुन्हा करावे लागले असते.

शेडमधली हवा बाहेर ओढणारा पंखा नादुरुस्त होता. त्यातून ठिणग्या उडत. तो बदला म्हणून तीनदा लेखी मागणी झाली होती आणि तिसऱ्या मागणीवर वीरेंद्रचीच सही होती. कारण तेच निघाले. मग वर शिक्का पडला आणि अहवाल कपाटात गेला. माचिसची गोष्ट बाहेर कोणी पसरवली मला माहीत नाही. ती खोटी आहे हे मात्र माहीत होते.

अकराव्या पानावर गेटवरच्या रखवालदाराचा जबाब आहे. तो मला पाठ आहे. मी तो तसाच्या तसा उतरवतो: "सुबह छह पचास पर वीरेंद्र ने अपनी जेब से माचिस निकालकर गेट के डिब्बे में डाली। हँसकर बोला, घर की माचिस उठा लाया, आज बीवी सुनाएगी।"

विनता, तू धावत गेली असतीस तरी जी माचिस त्याने गेटवर टाकली, ती फार तर दहा मिनिटे आधी तुझ्या हातात दिली असती. एवढाच फरक पडला असता.

मला वाटायचे तुला नुसते दुःख आहे, आणि दुःखावर या कागदाचा उपयोग नाही. तू स्वतःला दोष देत असशील हे माझ्या मनातही आले नाही. मी विचारले नाही, तू सांगितले नाहीस. शपथेचे मला भय होते, नोकरीचे होते, पुढे अश्वजीतची तिथेच वर्णी लागायची होती तिचे होते. नंतर नंतर भयही राहिले नाही, नुसती सवय राहिली. चौपालवर मी ज्याला देशहित म्हणत होतो ती बहुधा हीच सवय.

क्षमा मागायला तोंड नाही. या पत्राचे काय करायचे ते तू ठरव. खाली पूर्ण नावाने सही करतो.

सुखराम
निवृत्त टंकलेखक


नागपूर
४ जुलै २०२५

दादा,

पत्र मी पायलच्याच हाती दिले आणि तिने आळस न करता ते मला दोनदा वाचून दाखवले. ते जबाबाचे वाक्य मी तिसऱ्यांदा वाचायला लावले. त्याला ठाऊक होते की मी बोलणार. मी खरंच बोलले असते.

मी तुझ्यावर फार रागावले आहे. दर वर्षी तू माझ्या घरी येऊन जेवून गेलास. मी गॅस पेटवायची, तू समोर बसलेला असायचास. त्यातल्या एका तरी दिवशी तू तोंड उघडायला हवे होतेस. हा राग लवकर जाईल असे तुला लिहिणार नाही.

आता एक काम कर. सिहोऱ्याला जा आणि सासूबाईंना सांग. पत्र वाचून दाखवायला दुसऱ्याला पाठवू नकोस. तुला ऐकू येत नाही, पण त्यांना अजून चांगले ऐकू येते. तू फक्त बोल.

विनता


सिहोरा
१३ जुलै २०२५

चि. विनता हिस,
आशीर्वाद. वि. वि.

काल सकाळच्या बसने इथे आलो. गीताबाई सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि सगळे सांगितले. पंखा, वीरेंद्रची सही, आणि ते गेटवरचे वाक्य दोनदा. मी किती मोठ्याने बोललो मला कळत नव्हते. दारात माणसे जमली यावरून मोठ्यानेच बोललो असेन. माचिससाठी उठून मागे गेली नाहीस म्हणून तू स्वतःला दोष देत होतीस, हेही सांगितले. ते तुला न विचारता सांगितले, पण आता कशावर झाकण ठेवायचे नाही असे ठरवूनच निघालो होतो.

त्या बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. मला एक अक्षर ऐकू आले नाही. पुन्हा बोला म्हणायचा धीर झाला नाही. तोंडाकडे बघत बसलो. रागाचे असेल तर ते माझ्या वाट्याचेच होते.

मग त्या उठल्या, आत जाऊन पांढरे लुगडे नेसून आल्या आणि माझे मनगट धरले. पकड अजून घट्ट आहे. गल्ली ओलांडून मला रामरावांच्या ओट्यावर नेऊन उभे केले. त्यांचा थोरला स्फोटात गेला होता. त्यांनी आम्हाला बसायची खूण केली नाही. गीताबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मला उमजले की इथेही मलाच बोलायचे आहे. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. रामराव भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. माझे संपल्यावर त्यांनी खाट ओढून गीताबाईंना बसायला दिली. त्या ओट्यावर त्या अठ्ठावीस वर्षांनी बसल्या, असे मला नंतर एकाने बोटांवर मोजून दाखवले.

दुसरे घर जयाबाईंचे. नवरा गेला तेव्हा ती तुझ्याच वयाची होती. ती लेकीकडे गेली आहे, उद्या येते. गीताबाई मला तोवर सोडत नाहीत. माझी पिशवी त्यांनी कुलपात ठेवली आहे.

हे पत्र त्यांच्या घरात बसून लिहितो आहे. दार उघडे आहे आणि त्या उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत आहेत. राग राहू दे. उद्याचे लिहून कळवतो.

तुझा
सुखरामदादा